पुण्यात छोटी लक्झरी एसयूव्ही घ्यावी की थारसारखी दणकट फोर बाय फोर?

प्रश्नकर्ते बाणेरला राहतात, कुटुंब चौघांचे आहे, ५० लाखांच्या आसपासची छोटी लक्झरी एसयूव्ही त्यांच्या मनात आहे, आणि महिन्यातून एकदा-दोनदा मुळशीच्या पलीकडच्या शेतावर जावे लागते म्हणून थार, गुरखा किंवा जिम्नी घ्यावी का, असे ते विचारतात. एरवी मी असल्या प्रश्नांच्या वाटेला जात नाही. परंतु प्रश्नाच्या शेवटी त्यांनी लिहिले आहे की हल्ली लक्झरी गाड्यांनाही चारही चाकांची ड्राइव्ह मिळते, मग फरक तो काय उरला. आणि नेमके हेच वाक्य मी २०२१ मध्ये थार घेतल्यापासून आमच्या साडूंच्या तोंडून ऐकत आलो आहे.

फरक आहे. पहिली गोष्ट म्हणजे सगळ्याच लक्झरी गाड्यांना ही सोय नसते. बीएमडब्ल्यू एक्स१ च्या पेट्रोल आणि डिझेल दोन्ही आवृत्त्या आपल्याकडे केवळ पुढच्या चाकांवर चालतात, आणि मर्सिडीझच्या जीएलएमध्येही पेट्रोलला ती नाही. ऑडी क्यू३ ला आहे, परंतु तिथेही मूळ रचना पुढच्या चाकांच्या गाडीचीच असून पुढचे चाक घसरू लागले की एका क्लचमार्फत मागच्या चाकांकडे ताकद पाठवली जाते. पावसात ओल्या घाटरस्त्यावर ही व्यवस्था उत्तम काम करते, हे मी नाकारत नाही. फोर बाय फोर थार, गुरखा, जिम्नी या गाड्यांत मात्र गिअरबॉक्सच्या जोडीला आणखी एक पेटी असते आणि तिच्या लो रेंजमध्ये गाडीचा वेग घटून चाकांवरची ओढ दोन ते अडीच पट होते. चिखलाच्या चढावर घोडे अडते ते इथे. जमिनीपासूनच्या उंचीवर नव्हे. शोरूममध्ये मात्र विक्रेता उंचीचे मिलिमीटर तेवढे सांगतो.

आता हे मी पुस्तकी बोलत नाही, याचा पुरावा देतो. वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या रस्त्याच्या खालच्या अंगाला आमची थोडी भातशेती आहे. डांबरी रस्ता सोडल्यावर अर्ध्या किलोमीटरची कच्ची वाट ओढ्याकडे उतरते आणि वाटेत लाल मातीचा एक आखूड, पण चांगलाच उभा चढ लागतो. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये सासूबाईंना लावणी पाहायची होती, म्हणून दोन्ही कुटुंबे निघालो. सासूबाई साडूंच्या गाडीत बसल्या होत्या. ती गाडी जर्मन बनावटीची, चारही चाकांना ताकद देणारी आणि तेव्हा जेमतेम आठ महिन्यांची होती. कंपनीचे नाव घेत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. ज्या कामासाठी ती घडवलेली नाही ते काम तिला सांगणाऱ्याचा होता.

वाटेच्या तोंडाशी शेजारच्या शेतकऱ्याने हटकले, "काका, उतरताय खरं, पण वर पाऊस लागलाय. चढताना वांधा व्हईल." गाड्या वरच ठेवू आणि सासूबाईंना धरून सावकाश खाली नेऊ, असे मी सुचवले. साडूंनी गाडीतला एक खटका फिरवला, पडद्यावर डोंगराचे चित्र आले, आणि त्या चित्राच्या भरवशावर ते खाली उतरले. उतरताना काहीही झाले नाही. त्यामुळे जेवताना मला "बघा, तुमच्या जीपचा एवढा बडेजाव कशासाठी?" हे ऐकून घ्यावे लागले.

दोन तास पाऊस झाला. परतताना मी आधी चढून वर मुरमाच्या टणक जागेवर थांबलो. साडूंची गाडी निम्म्या चढापर्यंत आली आणि तिथे तिचे टायर चिखलाने इतके भरले की त्यांच्यावरची नक्षी दिसेनाशी झाली आणि ते लाटण्यासारखे गुळगुळीत झाले. एक चाक घसरले की गाडीचे इलेक्ट्रॉनिक डोके त्याला ब्रेक लावत होते आणि इंजिनची ताकदही काढून घेत होते. साडू जितका पाय दाबत तितकी गाडी जास्त अंग चोरत होती. शेवटी तिचा मागचा भाग हळूहळू बांधाकडे सरकला आणि एक चाक खाचराच्या कडेवर जाऊन थबकले. सासूबाई आत बसून जप करत होत्या.

ओढायचे तर पट्टा कुठे लावायचा? आधुनिक गाड्यांना पुढे उघडा हुक नसतो. बंपरवरचे छोटे झाकण काढून तिथे लोखंडी आकडा फिरवून बसवावा लागतो. तो आकडा डिकीच्या तळाशी हत्यारांच्या कप्प्यात होता आणि त्यावर सतरंजी, डब्यांच्या पिशव्या आणि सासूबाईंची घडीची खुर्ची होती. हे सगळे पावसात बाहेर काढले. त्यानंतरची दहा मिनिटे साडू आणि त्यांचा मुलगा आळीपाळीने आकडा फिरवत राहिले, पण तो काही धरेना. शेवटी माझ्या लक्षात आले की आटे उलटे आहेत, आणि डावीकडे फिरवताच तो सरळ आत गेला. ५० लाखांच्या गाडीच्या मालकाला आपल्या गाडीचा आकडा कोणत्या बाजूला फिरतो हे ठाऊक नसावे, याबद्दल मी तेव्हा काही बोललो नाही.

पट्टा जोडला, थार फोर एलमध्ये, म्हणजे लो रेंजमध्ये टाकली, दुसरा गिअर घातला आणि ॲक्सिलरेटरला पाय न लावता क्लच सोडला. डिझेल गाडी लो रेंजमध्ये आपल्या आपण चालते. पट्टा ताणला गेला, क्षणभर काहीच झाले नाही, आणि मग ती जर्मन गाडी दावणीकडे निघालेल्या म्हशीसारखी मुकाट वर आली.

ती वर पोचत असतानाच शेजारचा शेतकरी मदतीला ट्रॅक्टर घेऊन आला, आणि सगळा घोटाळा इथे झाला. साडू आजही प्रत्येक लग्नकार्यात सांगतात की शेजाऱ्याचा ट्रॅक्टर वेळेवर आला म्हणून आम्ही निघालो. ट्रॅक्टरला दोर बांधलाच गेला नव्हता! साक्ष काढावी तर सासूबाई म्हणतात की काचेवर पाणी होते, पुढे काहीतरी लाल होते एवढेच दिसले. ट्रॅक्टर लाल होता आणि दुर्दैवाने माझी थारही लालच आहे.

असो. तुमच्या शेताची वाट मुरमाची किंवा सिमेंटची असेल तर लक्झरी गाडी तिथवर बिनतक्रार जाईल, आणि मग हा सगळा विचार करण्याचे कारण नाही. वाटेवर लाल किंवा काळी माती असून मध्ये चढ असेल, तर जून ते सप्टेंबर लो रेंज असलेल्या गाडीला पर्याय नाही, आणि तेव्हाही रस्त्याचे गुळगुळीत टायर लावून जाऊ नये. साडूंचा एक मुद्दा इथे मान्य करतो: माझ्या गाडीला कंपनीतूनच ऑल टेरेन, म्हणजे खोल नक्षीचे, कच्च्या वाटेलाही चालणारे टायर आले होते, आणि त्या दिवशीच्या यशात त्यांचा वाटा निदान निम्मा होता. जर्मन रक्त हवेच असेल तर आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची गुरखा पाहा. तिचे २.६ लिटरचे डिझेल इंजिन मर्सिडीझच्या घराण्यातले आहे, दोन्ही ॲक्सलना डिफरन्शिअल लॉक आहेत (एक चाक घसरले तरी जोडीच्या चाकाची ओढ त्यामुळे जात नाही), जमिनीपासूनची उंची २३३ मिलिमीटर आहे आणि कंपनीच्या दाव्यानुसार ती ७०० मिलिमीटर पाण्यातून जाते. मात्र हा आकडा संथ पाण्याचा असतो. भिडे पुलावरून पाणी वाहत असताना तो आठवून गाडी घालू नये.

आता जे मी आधी सांगायला हवे होते ते सांगतो. तीन दारांच्या थारमध्ये मागे बसायचे तर पुढचे आसन पुढे करून आत चढावे लागते, आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला ते जमत नाही. त्यामुळे कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला सासूबाई साडूंच्याच गाडीतून जातात, आणि माझी पत्नीही त्यांच्या सोबतीला म्हणून त्याच गाडीत बसते. मी एकटा मागून जातो. लॅडर फ्रेमची, म्हणजे ट्रकसारख्या वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर बसवलेली आखूड गाडी साताऱ्याच्या रस्त्यावर शंभराच्या वेगाला जी उसळते ती तरुणपणी गंमत वाटते; माझे वय आता ६१ आहे. तुमच्या चौघांत कोणी वयस्कर असेल तर पाच दारांची थार रॉक्स (फोर बाय फोर आवृत्तीच) किंवा पाच दारांचीच गुरखा पाहा, आणि चाचणीच्या फेरीला त्या व्यक्तीला मागे बसवून कात्रजपर्यंत जाऊन या. लक्झरी आणि दणकट अशा दोन्ही प्रकारांच्या किमतीत जवळजवळ तिपटीचा फरक आहे, तेव्हा घरी एक साधी आरामदायी गाडी असेल तर ती ठेवून सोबत थार घेणे हेही तुमच्या बजेटात सहज बसते.

आणि गाडी कोणतीही घ्या, ताबा घेताना तो ओढण्याचा आकडा एकदा स्वतःच्या हाताने बसवून पाहा. साडूंच्या गाडीचा आकडा त्या दिवशी सोडवल्यावर माझ्या हत्यारांच्या डब्यात राहिला आणि अजून तिथेच आहे. ट्रॅक्टरने गाडी ओढली असती तर तो माझ्याकडे आला कसा, हे त्यांनी मला एकदा समजावून सांगावे.