एक कोटी पंधरा लाख : उतरलेला भाव की रास्त भाव?

प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडला डहाणूकर कॉलनीत भाड्याने राहणारं जोडपं, वय चाळिशीच्या अलीकडे, मुलगी चौथीत. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख ६५ हजार, बचत ५२ लाख, त्यातली साधारण निम्मी म्युच्युअल फंडात. भाडं २७ हजार. त्याच भागात १९९१ सालच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके विकायचा आहे. लिफ्ट नाही, झाकलेलं पार्किंग आहे. मालक वारले, दोन मुलगे वारस, त्यातला एक न्यू जर्सीत. दीड वर्षापूर्वी १ कोटी ३० लाख सांगत होते, आता १ कोटी १५ लाखांवर आलेत. एजंट म्हणतो, मार्केट बसलंय म्हणून एवढ्यात मिळतोय, शिवाय इमारत रीडेव्हलपमेंटला जाणारच आहे. वाचक विचारतात : हा भाव रास्त आहे का? आता घ्यावं की अजून थांबावं?

नमस्कार. निकाल आधी सांगतो, हिशेब मागून. तुम्ही पाठवलेल्या कागदांवरून या फ्लॅटचा रास्त भाव मला ९५ लाख ते १ कोटी २ लाख या पट्ट्यात दिसतो. ‘पंधरा लाख उतरले’ हे डोक्यातून काढून टाका. १ कोटी ३० लाखांना दीड वर्षात एकही गिऱ्हाईक आलं नाही, म्हणजे तो भाव नव्हताच, मालकांची अपेक्षा होती. अपेक्षेतून कितीही वजा केलं तरी किंमत निघत नाही.

पहिलं काम क्षेत्रफळाचं. एजंट ९५० चौरस फूट सांगतो. जुन्या करारनाम्यात ८२० बिल्टअप, म्हणजे भिंतींच्या जाडीसकट, आहे. आणि तुम्ही स्वतः टेप लावून मोजलंत तेव्हा ६९० कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्र, भरलं (टेप लावलीत हे फार बरं केलंत, शंभरातले पाचसुद्धा लावत नाहीत). २०१७ साली रेरा हा बिल्डरांवरच्या नियंत्रणाचा कायदा लागू होईपर्यंत ‘सेलेबल’ नावाखाली जिना, पॅसेज, वाटेल ते धरायची रीत होती आणि जुन्या फ्लॅटच्या बाजारात ती अजून चालू आहे. ९५० ने भागलं तर दर १२,१०० रुपये पडतो आणि कोथरूडमध्ये तो सोसवेल असा वाटतो. ६९० ने भागा, १६,६७० होतो. बोलणी कार्पेटवरच करा. आणि हॉलची बाल्कनी बंद करून घेतलेली असेल, त्या काळच्या बहुतेक फ्लॅटमध्ये असतेच, तर मंजूर नकाशात ती काय दाखवलीय तेही बघा.

आता मुख्य गोष्ट. मंदीत सांगितलेले भाव हळू उतरतात, व्यवहार मात्र लगेच आटतात. कोथरूडसारख्या ठिकाणी तर हे जास्तच दिसतं. इथल्या जुन्या मालकांच्या डोक्यावर कर्ज नसतं, फ्लॅट रिकामा ठेवून दोन वर्षं थांबायची त्यांची तयारी असते. त्यामुळे वेबसाइटवरच्या जाहिराती बघून मंदी किती खोल आहे ते कळणार नाही. ते कळतं नोंदणीकृत व्यवहारांवरून, म्हणजे इंडेक्स टूवरून (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा). नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चमध्ये गाव, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक टाकला की तो दिसतो. तुम्ही त्याच गल्लीतले चार काढून पाठवलेत, त्याबद्दल आभार. माझं निम्मं काम झालं.

इंडेक्स टू वाचायचा कसा, ते या चारांवरच सांगतो. वरच्या ‘विलेखाचा प्रकार’ या रकान्यापासून सुरुवात करा. तुमच्या चारपैकी एक बक्षीसपत्र आहे, वडिलांनी मुलीला दिलेलं. त्याचा बाजारभावाशी संबंध नाही, ते बाजूला ठेवा. दुसरा १ कोटी ४८ लाखांचा, पण तो पुनर्विकास होऊन उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीतला. एजंटने तोच मोठ्या कौतुकाने पुढे केला असणार. तोही बाजूला. उरले दोन. त्यांत ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन आकडे शेजारीशेजारी असतात. मोबदला म्हणजे प्रत्यक्ष ठरलेली किंमत. बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरवरून, सरकारच्या भागवार दरतक्त्यावरून, काढलेलं मूल्य. नाव बाजारभाव असलं तरी बाजाराला विचारून ते ठरत नाही. १ एप्रिल २०२५ ला रेडी रेकनरचे दर राज्यभर सरासरी ३.८९ टक्क्यांनी वाढले, म्हणून काही त्या दिवशी गिऱ्हाइकं वाढली नाहीत. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं, त्याला १०.७६४ ने गुणायचं. आणि तारखा दोन असतात, दस्त करून दिल्याची आणि नोंदणीची. भाव त्याच्याही दोन-तीन महिने आधी, टोकन देताना ठरलेला असतो. म्हणून इंडेक्स टूवरचा मार्च हा बाजाराच्या हिशेबाने डिसेंबर किंवा जानेवारी समजा.

उरलेल्या दोनांतला पहिला तुमच्याच इमारतीतला, चौदा महिन्यांपूर्वीचा. पहिला मजला, पार्किंग नाही, ६३ चौरस मीटर कार्पेट, ९२ लाख. म्हणजे चौरस फुटाला साधारण १३,५७०. दुसरा गल्लीच्या तोंडाशी असलेल्या २००३ सालच्या इमारतीतला. लिफ्ट आहे, ६४ चौरस मीटर, १ कोटी २ लाख, दर १४,८०० च्या आसपास. तुमचा फ्लॅट या दोघांच्या मधला. पहिल्यापेक्षा पार्किंग जास्त, पण लिफ्टशिवाय दोन मजले अधिक चढायचे. माझ्या मते या दोन गोष्टी एकमेकींना जवळपास फिटतात. दुसऱ्या इमारतीच्या वर मात्र तो कुठल्याच हिशेबाने जाऊ शकत नाही. ६९० ला या दोन दरांनी गुणलं की ९३ लाख ६० हजार ते १ कोटी २ लाख येतात. माझा पट्टा तिथूनच आलाय.

एक शंका तुमच्या मनात येईलच : त्या व्यवहारांत काही रक्कम रोखीत गेली असेल तर? शक्य आहे. मोबदला रेडी रेकनरला अगदी चिकटून असेल तर मलाही तसा संशय येतो. पण हे दोन्ही व्यवहार रेकनरच्या बऱ्यापैकी वर आहेत आणि तुमच्या माहितीप्रमाणे दोन्हींवर बँकेचं कर्ज आहे. तुमच्याकडे रोख मागितली तर नाही म्हणा. कर्ज त्या रकमेवर मिळत नाही, आणि पुढे फ्लॅट विकताना तेवढा खर्च तुम्हाला दाखवता येणार नाही.

उलट बाजूही सांभाळा. या फ्लॅटचं रेडी रेकनर मूल्य तुम्ही ९८ लाख काढलंय. मोबदला त्याहून कमी ठरला तरी मुद्रांक शुल्क ९८ वरच लागेल. आणि रेकनरचं मूल्य ठरलेल्या किमतीच्या ११० टक्क्यांच्या वर गेलं, तर मधला सगळा फरक तुमचं उत्पन्न धरून त्यावर आयकर लागतो. ९५ ला घेतलात तर यात अडकत नाही. पण ‘मंदी आहे, ८५ ला मागून बघू’ असं कोणी सुचवलं तर हे लक्षात असू द्या.

आता रीडेव्हलपमेंट. इथे जरा थांबतो, कारण किंमत फुगते ती इथेच. एजंट एका दमात दोन गोष्टी सांगतोय : बाजार मंदावलाय, आणि बिल्डर येऊन इमारत पाडून नवी बांधून देणार आहे. बिल्डर पुनर्विकास करतो तो वरचे जादा फ्लॅट विकून. विक्रीच मंदावली असेल तर तो आधी जुन्या रहिवाशांना द्यायच्या जादा क्षेत्राची टक्केवारी कमी करतो, मग बांधकाम चालू असताना त्यांना द्यायच्या भाड्यावर घासाघीस करतो, मग तारखा पुढे ढकलतो. ज्या मंदीमुळे तुम्हाला घर स्वस्त मिळतंय म्हणतात, तीच मंदी पुनर्विकासाचं आश्वासन पातळ करते. दोन्हींचे पैसे एकदम मोजायचं कारण नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा आणि चार गोष्टी विचारा. कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर जमीन सोसायटीच्या नावावर आहे की अजून मूळ मालकाच्या? समोरचा रस्ता किती मीटरचा? ९ मीटरच्या आत असेल तर टीडीआर आणि प्रीमियम एफएसआय (दोन्ही म्हणजे पैसे मोजून मिळवायचा जादा बांधकामाचा हक्क) मिळत नाही, मग बिल्डरला तिथे फारसं काही उरत नाही. सर्वसाधारण सभेत ठराव झालाय की नुसती जिन्यातली चर्चा आहे? आणि एखाद्या बिल्डरची लेखी ऑफर आलीय का? चारही उत्तरं अनुकूल आणि कागदावर असतील तर मी १ कोटी ५ लाखांपर्यंत जाईन. ‘बोलणी चालू आहेत’ एवढंच असेल तर त्यासाठी एक रुपयाही देऊ नका. अशी बोलणी कोथरूडमधल्या त्या काळच्या प्रत्येक इमारतीत चालू असतात.

थांबायचं का, याबद्दल. तुम्हाला भीती आहे की थांबलो तर भाव परत वर जातील. आपल्याकडची मंदी बहुतेक वेळा भाव पाडून येत नाही, ती भाव जागच्या जागी ठेवून येते. २०१३-१४ नंतर पुण्यात कितीतरी ठिकाणी हेच झालं; नोटाबंदी, रेरा, जीएसटी, मग कोविड, आणि आकडे जवळपास तिथल्या तिथे. महागाई पाच टक्के धरली आणि किंमत चार वर्षं हलली नाही, तर खऱ्या अर्थाने घर सतरा-अठरा टक्क्यांनी स्वस्त झालेलं असतं. मुंबईत १९९५ च्या सुमाराला शिखरावर घेणाऱ्यांना तोच भाव पुन्हा बघायला दहाएक वर्षं लागली. तेव्हा घाई करायचं कारण मला दिसत नाही. पण ‘अजून पडेल, अजून पडेल’ म्हणून वर्षानुवर्षं बसून राहण्यातही अर्थ नाही, कारण तुम्हाला इथेच राहायचंय आणि मुलीची शाळाही इथेच आहे.

‘भाडं म्हणजे पाण्यात घातलेले पैसे’ हे वाक्य एजंटने म्हटल्याचं तुम्ही लिहिलंय. १ कोटी २ लाखांच्या घरावर ७५ टक्के, म्हणजे साडेशहात्तर लाखांचं कर्ज, व्याज पावणेआठ टक्के धरलं, तर पहिल्या वर्षी नुसतं व्याजच पावणेसहा लाखांच्या वर जातं. तुमचं वर्षाचं भाडं आहे ३ लाख २४ हजार. एक वर्ष आणखी भाड्याने राहिलात तर काही बुडत नाही. १ कोटी १५ लाख ही किंमत वर्षाच्या भाड्याच्या पस्तीस पटींहून जास्त होते. भाडं सांगतं की तिथे राहणं आज केवढ्याचं आहे. त्यावरचे पैसे जमिनीचे आणि आशेचे, आणि आशेचं काय ते वर लिहिलंच आहे.

आता तुमचा खिसा. ७५ लाखांच्या वरच्या कर्जाला बँक मूल्याच्या ७५ टक्क्यांपर्यंतच पैसे देते, मुद्रांक शुल्क त्यात धरत नाही. १ कोटी १५ लाखांना घेतलंत तर पदरचे पावणेएकोणतीस लाख. पुण्यात ७ टक्क्यांनी मुद्रांक शुल्क ८ लाख ५ हजार, नोंदणी ३० हजार, एजंटचा एक टक्का, सोसायटीची हस्तांतर फी. शिवाय चौतीस वर्षांचं वायरिंग, प्लंबिंग आणि गळती, याला सात लाख तरी. एकूण साडेपंचेचाळीस. बचतीतले उरले साडेसहा, तेसुद्धा म्युच्युअल फंडांवरचा भांडवली नफ्याचा कर न धरता. हप्ता सत्तर हजारांच्या वर, म्हणजे पगाराच्या ४३ टक्के. आणि बँकेच्या व्हॅल्युअरने मूल्य १ कोटी ५ लाखच लावलं, जे मला अगदी शक्य वाटतं, तर कर्ज साडेसात लाखांनी घटेल आणि तुमच्याकडे काहीच उरणार नाही. १ कोटी २ लाखांना हप्ता ६३ हजारांच्या आत येतो आणि हातात दहा लाख राहतात. सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते तेवढ्यात निघतात. तुमच्यासाठी माझी वरची मर्यादा मुख्यतः इथून ठरते.

फ्लॅट फक्त पत्नीच्या नावावर घेतलात तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, म्हणजे लाखभर वाचतो. दोघांची नावं लावलीत तर ती मिळत नाही. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट तशीही नाही, तेव्हा तुम्ही दोघं त्या प्रणालीत असाल तर या बाजूने नुकसान नाही. ठरवा घरातच.

बोलणी ९४ पासून सुरू करा, इंडेक्स टूच्या दोन प्रती सोबत ठेवून. वारसांना वाटणी करून मोकळं व्हायचं असतं, रिकाम्या फ्लॅटचा मेंटेनन्स दर महिन्याला जातो, त्यामुळे ते ऐकतील असं वाटतं. भाव जमला तरी टोकन पन्नास-एक हजारांच्या पुढे नको. कागदावर लिहून घ्या की बँकेच्या टायटल सर्चमध्ये, म्हणजे मालकीच्या कागदांच्या तपासणीत, अडचण निघाली तर ते परत मिळेल.

शेवटचं, पण सगळ्यात जास्त डोकेदुखीचं : न्यू जर्सीचा भाऊ. निवासी विक्रेत्याला पैसे देताना ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरावर एक टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापतात, हे तुम्हाला माहीत आहे. अनिवासी विक्रेत्याला तो नियम लागू नाही. त्याच्या हिश्श्यावर साडेबारा टक्के, वर अधिभार आणि उपकर कापावा लागतो, आणि त्याने आयकर खात्याकडून कमी दराचा दाखला आणला नसेल तर व्यवहारात तो नफ्यावर न कापता पूर्ण रकमेवर कापतात. कापला नाहीत तर जबाबदारी तुमची, त्याची नाही. हा दाखला यायला वेळ लागतो, म्हणून साठेखताच्या (विक्री ठरल्याच्या कराराच्या) आधीच त्याला अर्ज करायला सांगा. दोन्ही वारसांची नावं शेअर सर्टिफिकेटवर चढली आहेत का ते बघा. तो स्वतः येणार नसेल तर त्याचं कुलमुखत्यारपत्र तिथे रीतसर साक्षांकित होऊन इथे मुद्रांकित झालेलं हवं, आणि ते वकिलांना दाखवल्याशिवाय पुढचा एकही चेक देऊ नका.