बर्फात राहिलेला माणूस बाटलीपुढे का हरतो?

यंदा आमच्या व्यसनमुक्ती केंद्राच्या वर्धापनदिनी माजी सैनिकांच्या उपचारांसाठी निधी उभा करायचं ठरलं. आंबोली-सावंतवाडीकडच्या गावांना फौजेची जुनी परंपरा आहे, त्यामुळे पैसे मागायला संकोच वाटला नाही. पण दशावताराची तिकिटं घेऊन गावोगाव फिरताना बायका मला मागीलदारी नेऊन हळूच एकच प्रश्न विचारत होत्या. केंद्रातही तो मी वर्षानुवर्षं ऐकते आहे.

"मॅडम, बर्फात रवलेलो माणूस ह्यो. बाटलीपुढे कित्याक हरता? मन घट्ट केल्यानी तर सुटतली मा?"

या प्रश्नाला मी एका जोडप्याची गोष्ट सांगते. त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतपत बदलून.

तो नायक हुद्द्यावरून बेचाळिसाव्या वर्षी घरी आला. पहिल्या भेटीत इस्त्रीचा शर्ट, ताठ पाठ. म्हणाला, "मी बेवडो नाय. सात वाजल्याशिवाय बाटलीक हात लावणंय नाय." खरंच लावत नव्हता. पण फौजी कँटीनमधला दारूचा महिन्याचा कोटा बारा तारखेला संपायचा आणि मग बांद्याच्या पलीकडून गोव्याची स्वस्त दारू यायची. सकाळी हात थरथरायचे, म्हणून तो कपबशीऐवजी पेल्यातून चहा प्यायचा.

बायको शेजारी बसलेली. तिने पर्समधून नखपॉलिशची लाल बाटली काढून टेबलावर ठेवली. रोज रात्री ती दारूच्या बाटलीवर, लेबलाच्या कडेला, या नखपॉलिशने बारीक रेघ मारायची. सकाळी दारू रेघेखाली किती गेली ते बघायची आणि दिवसभर त्यावरून भांडण.

आधी त्याला आमच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली दाखल केलं. हे मुद्दाम सांगते. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला घरात कोंडून दारू एकदम बंद करू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत घाम, थरथर, झटके, भास होऊ शकतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. दुसरं, चहातून गुपचूप औषध देऊ नका. दारू सुटावी म्हणून देतात ते डायसल्फिराम पोटात असताना माणूस प्याला तर छातीत धडधडतं, रक्तदाब कोसळतो. औषध दिलंय हे ज्याला माहीतच नाही, त्याच्या बाबतीत हा जिवाशी खेळ आहे. ते औषध डॉक्टर देतील, त्याला सांगून आणि त्याच्या संमतीने.

शरीर सावरलं, मग आमच्या बैठका सुरू झाल्या. सुरुवातीला मी चुकीच्या जागी शोधत होते. फौजी म्हणजे सीमेवरच्या आठवणी छळत असणार, असं धरून मी गोळीबाराचं, मेलेल्या सोबत्यांचं विचारत राहिले. काहींच्या बाबतीत ते असतंही. हा मात्र म्हणायचा, "थंय बरा होता." तीन बैठका हे एकच वाक्य. चौथ्या वेळी मी विचारलं, "तिथे संध्याकाळी सात वाजता काय असायचं?"

तो बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला.

"गिनती," म्हणाला. "संध्याकाळी सगळ्यांची गिनती. एक माणूस कमी पडलो तर आख्खी कंपनी शोधूक भायर." मग बायकोकडे न बघता, "हंय मी नसलंय तरी गिनती पुरी होता."

बायको रडत म्हणाली, "मी रोज मोजतंय की!"

"बाटली मोजतंस. माका खंय मोजतंस?"

त्यानंतर कुणीच बोललं नाही, मीही नाही. तेव्हा गप्प राहिले याचं मला आजही समाधान आहे. शिस्त त्याच्यात होतीच, ती कुठे गेली नव्हती. बावीस वर्षं दिवसाचा तास न् तास कुणीतरी आखून दिलेला आणि घरी आल्यावर सातचा ठोका मोकळा. तो त्याने बाटलीला दिला. मन घट्ट करा म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही.

दारू एकट्या माणसाच्या आत नसते, ती घराच्या रोजच्या घडीत बसलेली असते, असं मी मानते. १९८६ साली पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने कुटुंबालाही सोबत घेण्याची वाट घालून दिली, मी तिच्यावरची. म्हणून मी बायकांना सांगते, बाटल्या मोजू नका, ओतून टाकू नका, त्याच्या वतीने खोटं बोलू नका. प्यायलेला असताना वाद घालू नका, सकाळी बोला. त्याने मारहाण केली तर आधी स्वतःला आणि मुलांना सुरक्षित ठिकाणी न्या, उपचारांचं मग बघू. आणि सातच्या ठोक्याला त्याच्या वाट्याला खरं काम असू द्या, नुसतं गुंतवून ठेवण्यापुरतं नको.

या गृहस्थाने स्वतःच मार्ग काढला. केंद्रातून गेलेले पाच माजी सैनिक रोज सातला एकमेकांना फोन करतात. पहिला 'एक' म्हणतो, पुढचा 'दोन'. पाच झाले की फोन बंद. शिमग्यात तो एकदा घसरला. त्या संध्याकाळीही त्याने फोन उचलला आणि "प्यालंय, पण आसंय" म्हणाला. घसरणं म्हणजे सगळं वाया गेलं असं नव्हे, दुसऱ्या दिवशी तो परत आला यावर मी भर देते.

तुमच्या घरी असं असेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. मन खचलं असेल तर मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६, मराठीतही बोलता येतं. माजी सैनिकांनी ईसीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेच्या कार्डावर काय मिळतं ते पॉलिक्लिनिकमध्ये विचारावं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही जावं. आमचा निधी कार्डात न बसणाऱ्या गोष्टींसाठी आहे: दर आठवड्याला बैठकीला येणाऱ्या बायकोचं एसटीचं भाडं, तिची बुडालेली मजुरी.

वर्धापनदिनी तो दुपारपासून खुर्च्या मांडत होता, बायको आरतीचं ताट घेऊन निधी गोळा करत होती. सातला तो मंडपाबाहेर फोन घेऊन उभा राहिला. गिनती चारवर थांबली. पुन्हा लावला, पुन्हा चार. तो माझ्याकडे आला, "मॅडम, बघून येतंय" एवढंच म्हणाला. बायकोने ताट माझ्या हातात दिलं, पदर खोचला आणि त्याच्या मागे मोटारसायकलवर बसली. आत गणपतीचं स्तवन सुरू झालं होतं.