"मॅडम, सगळं लावून झालं, तरी पिंपल्स जात नाहीत"

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता समोरचं पोरगं खुर्चीत बसतानाच अंदाज येतो, कारण हात सारखा गालाकडे जात असतो. जळगाव, भुसावळ, चोपडा, शिरपूर, सगळीकडून मुलं येतात, आणि मुलीच नाही हं, मुलगेही तितकेच येतात, फक्त ते आधी अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणून सांगतात आणि मग हळूच विषय काढतात. मी स्किनची डॉक्टर नाही, समुपदेशक आहे, पण लग्नाला जायचं टाळणं, ग्रुप फोटोत मागे उभं राहणं, लेक्चर बुडवणं इथपर्यंत गोष्ट गेली की ती माझ्या टेबलावर येतेच. त्यामुळे एकदा सविस्तर लिहून टाकते.

तेजल म्हणू आपण तिला (नाव आणि काही तपशील बदललेत). रावेर तालुक्यातली, वडिलांची केळीची शेती, जळगावला रूम घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी. मे महिन्यात इथे पारा 44-45 ला टेकतो म्हणून सगळ्याच पोरी स्कार्फ बांधतात, पण तिने माझ्या केबिनमध्ये पंख्याखाली बसूनही तो सोडला नाही. मी काही बोलले नाही, सोडेल तेव्हा सोडेल.

"दिवसातून आरशात किती वेळा बघतेस?"
"मोबाईलचा कॅमेरा पण धरायचा का मॅडम?"

या एका उत्तरात मला बरंच कळलं. सकाळी उठल्या उठल्या कॅमेरा, एक नवीन फोड दिसला की दिवस गेला, मग साबणाने सात-आठ वेळा तोंड धुणं, रात्री यूट्यूब बघून काहीतरी नवीन. शेवभाजी बंद, भरीत बंद, तरी फोड येतच होते. मी तिला म्हटलं पुढच्या वेळी येताना आजवर चेहऱ्याला जे जे लावलं ते सगळं घेऊन ये.

तिने कापडी पिशवीच आणली. टेबलावर ओतली. क्रीम, जेल, फेसवॉश, मुलतानी माती, लिंबाचा अर्क, कडुलिंबाची पावडर, चक्क टूथपेस्टसुद्धा. मी एकेक उचलून फक्त एवढंच विचारत गेले की हे कधी घेतलं.

"हे?"
"गणपतीत. मामी सगळ्यांसमोर म्हणाल्या, तोंडाले काय झालं वं माय."
"आणि हे?"
"ग्रुप फोटोखाली एकाने कमेंट टाकली होती, त्याच्या दुसऱ्या दिवशी."
"हे लिंबाचं?"
"दादाच्या साखरपुड्याला चार दिवस राहिले होते."
"यातली एखादी ट्यूब संपलेली आहे का गं?"

ती शोधायला लागली. एकेक ट्यूब दाबून बघत होती, सगळ्या भरलेल्या, दोन-तीन तर नुसत्या टोकाला दबलेल्या. बराच वेळ ती काहीच बोलली नाही. मीही गप्प बसले, कारण अशा वेळी आपण बोललो की समोरच्याचं सापडत आलेलं निसटतं, हे मला अनुभवाने चांगलं कळतं. मग स्कार्फ तिचा तिनेच सोडला आणि म्हणाली, "मॅडम, मी हे पिंपल्ससाठी लावतच नव्हते. कोणी बोललं की लावायचे."

मला आजही वाटतं की मी दहा तास समजावलं असतं तरी हे वाक्य तिच्या तोंडून आलं नसतं. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांना मानणारी आहे, नुसत्या घटनेपेक्षा त्या घटनेवर आपण स्वतःशी काय बोलतो त्याने जास्त त्रास होतो असं ते सांगतात. मामी बोलल्या हे खरंच वाईट, पण त्यानंतर तेजल स्वतःला म्हणाली की रविवारपर्यंत चेहरा साफ झालाच पाहिजे, नाहीतर मी लोकांत जाऊच शकत नाही. आणि हे रविवारपर्यंतचं गणित त्वचेला अजिबात मान्य नसतं.

कारण आज दिसणारा फोड आजचा नसतोच मुळी. वयात येताना हार्मोन्समुळे तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, रोमछिद्राच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बूच बसतं, आत तेल साचतं, तिथले जिवाणू वाढतात आणि मग सूज येते, हे सगळं आतल्या आत काही आठवडे चाललेलं असतं. म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या औषधालाही साधारण 8 ते 12 आठवडे द्यावे लागतात, त्याआधी त्याला पास-नापास करायचंच नाही. हे सांगितलं तर तेजलच म्हणाली, "म्हणजे बाबा केळीला ड्रिपमधून खत सोडतात आणि आठवड्यात घड नाही दिसला म्हणून खत बदलतात, असं मी करत होते." मी म्हटलं, अगदी हेच.

तिच्या पिशवीत मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय आणलेली एक गोरं करणारी ट्यूबही निघाली, पाठीमागे स्टेरॉइडचं नाव. या बाबतीत मी कडक आहे. बीटामेथासोन, क्लोबेटासोल असलं काही ट्यूबवर दिसलं तर ते चेहऱ्याला मनाने लावायचं नाही. सुरुवातीला त्याने चेहरा खुलल्यासारखा वाटतो, मग त्वचा पातळ होते, लाल पडते आणि फोड आणखी वाढतात. बरेच दिवस लावत असाल तर बंद कसं करायचं तेही स्किनच्या डॉक्टरांनाच विचारा. तेजलला मी आधी तिकडेच पाठवलं, बाकीचं बोलणं नंतर.

डॉक्टरांनी तिला रात्री वाटाण्याएवढं अॅडापॅलीन आणि सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड अशी पिंपल्सवर लावायची औषधं दिली (बेंझॉइल पेरॉक्साइडने टॉवेल, उशीच्या अभ्र्याचे रंग उडतात म्हणून पांढरे वापरायचे, हे कुणी सांगत नाही). पहिले काही आठवडे कातडी कोरडी पडते, सालपटं निघतात, तिथेच बहुतेक मुलं सोडून देतात. तेजलनेही रात्री साडेदहाला मेसेज केला की चेहरा सोलतोय, बंद करू का. मी म्हटलं उद्या डॉक्टरांना विचार, आज आरशाला नको विचारू. त्यांनी एक रात्र आड करून लावायला सांगितलं आणि ती टिकली.

आमच्यात ठरलं ते एवढंच. तोंड दोनदाच धुवायचं, सौम्य फेसवॉशने, घाम आला तर मध्ये साधं पाणी. मॉइश्चरायझर तेलकट चेहऱ्यालाही लागतं, नॉन-कॉमेडोजेनिक (म्हणजे रोमछिद्रं न बुजवणारं) लिहिलेलं बघून घ्यायचं. सनस्क्रीन किमान एसपीएफ 30, कारण आपल्या सावळ्या रंगावर फोड गेल्यावर जे काळे डाग राहतात ते जायला महिने लागतात आणि खानदेशातलं ऊन त्यांना आणखी गडद करतं. स्कार्फ बांधा खुशाल, पण रोज धुतलेला. केसांचं तेल कपाळावर उतरू द्यायचं नाही. लिंबू, टूथपेस्ट, खरखरीत उटणं बंद. आणि शेवभाजी परत सुरू! तिखटाने पिंपल्स येतात याला चांगला पुरावा नाही, गोड, मैदा आणि दूध जास्त झालं तर काहींना फरक पडतो, तेवढं ज्याचं त्याने बघावं.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं होतं ते वेगळंच. आरसा फक्त तोंड धुताना, हातभर अंतरावरून, कॅमेरा झूम बंद. फोटो महिन्यातून एकच, त्याच खिडकीत, त्याच वेळी. क्रीम ठरलेल्या वेळी लावायची, चेहरा बरा दिसो की वाईट. फोड फोडायला हात गेला की हातात पेन धरायचं. आणि मामींसाठी एक वाक्य पाठ केलं: "हो मामी, डॉक्टरांची ट्रीटमेंट चालू आहे, वेळ लागतो." पुढे स्पष्टीकरण नाही. सुरुवातीला तिला ते उद्धट वाटायचं, केबिनमध्ये मी मामी होऊन तिच्याकडून चार-पाच वेळा म्हणून घेतलं, तेव्हा कुठे आवाज मोकळा झाला.

तिसऱ्या महिन्याचा फोटो पहिल्याशेजारी ठेवला तेव्हा फरक स्पष्ट होता. पाळीच्या आधी हनुवटीवर एखाद-दोन फोड अजून येतात. तरी ती चुलत बहिणीच्या हळदीला गेली, काही नवीन विकत न घेता.

आयांना एक विनंती, मुलं समोर असताना चेहऱ्यावर बोलू नका आणि शेजारणीची क्रीम आणून देऊ नका. मोठ्या दुखऱ्या गाठी, खड्डे, अनियमित पाळी किंवा चेहऱ्यावर जास्त केस असतील तर वाट न बघता डॉक्टर गाठा. मूल कोंडून घेत असेल, जेवत-झोपत नसेल, जगायला नको वाटतं असं बोलत असेल तर पिंपल्स बाजूला ठेवा आणि लगेच मदत घ्या, टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.