हापूसची बिअर, खारी विहीर आणि ‘पुढचा ट्रेंड’ : प्रश्नोत्तरे

शिमग्यापासून साठलेल्या पत्रांचा गठ्ठा काल सोडला. पंचवीसेक पत्रं, पण प्रश्न जवळजवळ एकच: छोट्या ब्रुअरींतल्या क्राफ्ट बिअरमध्ये पुढे काय चालणार, आणि कोकणात राहून त्यात आपल्याला शिरता येईल का? वेगळे वाटले ते प्रश्न इथे घेतले आहेत. ज्यांची पत्रं राहिली त्यांनीही गणपतीपुळ्याचं उत्तर वाचावं, निम्म्यांचं काम त्यात होईल.

प्रश्न (चिपळूण) : आयपीए या कडवट बिअरचे दिवस संपले म्हणतात. पुढची स्टाइल कोणती ते आत्ताच कळलं तर हंगामाची तयारी करता येईल.

२०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘ब्रूट आयपीए’ ही तिची कोरडी जात निघाली. हेच भविष्य, असं सगळे म्हणाले आणि दोन-तीन वर्षांत ती बहुतेक फलकांवरून पुसली गेली. मग हार्ड सेल्ट्झरची, म्हणजे अल्कोहोल असलेल्या सोड्याची, लाट आली. तिच्या भरवशावर बॉस्टन बिअर या मोठ्या कंपनीने एवढा माल काढला, की २०२१ मध्ये लाखो खोके नष्ट करायची पाळी आली. त्यांच्याकडे बाजाराचा अभ्यास करणारी पगारी माणसं होती. तुम्ही माझ्या एका ओळीवर टाक्या घेणार आहात का? अमेरिकेत २०२४ मध्ये नव्या उघडलेल्यांपेक्षा बंद पडलेल्या क्राफ्ट ब्रुअरी जास्त होत्या, हे मात्र लक्षात ठेवा. माझा अंदाज विचाराल तर आपल्या दमट किनाऱ्यावर हलकी, कमी अल्कोहोलची, जिथे बनते तिथेच प्यायली जाणारी बिअर टिकेल. पण तो अंदाजच. पावसाळ्याचे चार महिने गिऱ्हाईक नसताना हप्ता कसा भरणार, हे आधी सीएकडून मांडून घ्या.

प्रश्न (दापोली) : कलमांच्या बागेत हॉप्सचे वेल लावले तर?

वेल कदाचित वाढेल, पण बिअरला कडूपणा आणि वास देणारी त्याची फुलं धड येणार नाहीत. हॉप्सला उन्हाळ्यात लांबलचक दिवस लागतो आणि आपला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या पुढे फारसा जात नाही.

प्रश्न (गणपतीपुळे) : आमचं होमस्टे आहे. एक सल्लागार म्हणतात, ‘हापूस बिअर’ हा पुढच्या पाच वर्षांतला सगळ्यात मोठा ट्रेंड आहे. तयार बिअरमध्ये घरचा आमरस मिसळून बाटल्या भरायच्या आणि पर्यटकांना जाताना द्यायच्या. आमरसाला प्रिझर्वेटिव्ह लावलं की धोका नाही, असंही ते म्हणाले. आगाऊ रक्कम मागत आहेत.

रक्कम देऊ नका. आता कारण सांगतो, आणि सविस्तर सांगतो, कारण हाच सल्ला ऐकलेले तुम्ही या वर्षातले चौथे आहात.

पिकलेल्या हापूसच्या १०० ग्रॅम रसात साधारण १६ ग्रॅम साखर असते. एक लिटर बिअरमध्ये तुम्ही तेवढा रस घातलात. बिअर ‘तयार’ असली तरी तिच्यात आंबवणारं यीस्ट बहुधा जिवंत असतं. ते बाटलीत ही साखर खायला बसतं. लिटरमागे ४ ग्रॅम साखर आंबली की बिअरच्या आकारमानाएवढा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे १६ ग्रॅममधून चार पट. बिअरमध्ये आधीचा अडीच पट असतोच. एकूण साडेसहा. साधी बिअरची बाटली तीन-साडेतीन पटीपर्यंत बेतलेली असते. आता ती बाटली मे महिन्यात पर्यटकाच्या गाडीच्या डिकीत ठेवा आणि गाडी हातखंब्याच्या उन्हात तासभर उभी करा.

मी शिकाऊ असताना परवानाधारक प्लांटवर हे पाहिलंय. फळ घातलेला माल घाईने भरला, साखर आंबून संपली का ते मीटरवर कोणी बघितलंच नाही. तिसऱ्या रात्री पहिली बाटली फुटली आणि तिच्या धक्क्याने शेजारच्या पाच. सकाळी बघतो तर काचेचा बोटभर तुकडा लाकडी वाशात रुतलेला. ओढून निघेना, पक्कड लावावी लागली. तो वासा माणसाच्या डोक्याच्या उंचीवर होता.

प्रिझर्वेटिव्हचं म्हणाल तर सॉर्बेटने यीस्टची वाढ रोखली जाते. आधीच कामाला लागलेलं यीस्ट त्याने मरत नाही. रस टाकीतच घालायचा, पूर्ण आंबू द्यायचा आणि उरलेल्या साखरेचा अंदाज देणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा सलग तीन दिवस तोच आला तरच पुढे जायचं. त्यानंतर थंड करून केगमध्ये, म्हणजे धातूच्या पिंपात, किंवा बाटलीच हवी असेल तर पाश्चरायझेशन, म्हणजे गरम करून यीस्ट मारणं. हायड्रोमीटर ही काचेची साधी नळी आहे, महाग नाही. तरी माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या सहांकडे ती नसते आणि उरलेल्यांची खोक्यात असते.

दुसरं, गोडी आंबून गेली की हापूसचा वासही बराचसा वायूबरोबर उडतो. खऱ्या हापूसची बिअर आमरसासारखी लागत नाही. आंबट, कोरडी, मागून किंचित आंबा. घोटाघोटाला आमरस आठवत असेल तर इसेन्सची शंका घ्या. सिट्रासारख्या काही हॉप्सना मुळातच आंब्यासारखा वास असतो. त्या वापरून एकही आंबा न कापता ‘मँगो’ बिअर बनते. त्यात गैर काही नाही, पण ‘हापूस’ लिहिणं गैर. आपल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते काय इसेन्सच्या बाटलीसाठी?

आणि परवान्याशिवाय हे काही करताच येत नाही. सल्लागाराला भेटण्याआधी जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात जा, काय चालतं आणि काय नाही ते लेखी घ्या.

प्रश्न (मालवण) : विहिरीला जरा खारट चव आहे. सोलकढीच्या धर्तीवर बिअर काढता येईल का?

कल्पना चांगली आहे, आणि जर्मनीत तिची मावशी आहे. गोस्लार आणि लाइपझिगकडची ‘गोझं’ ही गव्हाची आंबटसर बिअर. तिच्यात मीठ आणि धने असतात. कोकमाशी तिची सोयरीक छान जुळते. मात्र आगळ वापरणार असाल तर त्यात मीठ आधीच असतं, सोलांतही असतं. त्यामुळे मीठ वेगळं घालू नका, उलट मोजून वजा करा. गुलाबी रंग थोडा फिका पडेल, कारण कोकमाचा रंग तीव्र आंबटपणातच खुलतो. नारळाचं दूध मात्र अजिबात नको, त्यातल्या चरबीने फेस बसतो.

विहीर खारट लागते म्हणजे बहुधा समुद्राचं पाणी आत शिरतंय. आज चालेल तेवढं मीठ एप्रिलमध्ये दुप्पट झालेलं असू शकतं. दोन्ही हंगामांतलं पाणी प्रयोगशाळेत तपासून आणा, मग बोलू.

प्रश्न (वेंगुर्ला) : काजूच्या बोंडूंची बिअर?

ती बिअर नव्हे. बिअर धान्याच्या माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या दाण्यांची. बोंडूच्या रसाची होते ती वाइन, आणि ऊर्ध्वपातन केलं की फेणी. गोव्याच्या काजू फेणीला २००९ पासून भौगोलिक मानांकन आहे, पण बांद्याचा नाका ओलांडला की कायदा बदलतो. धान्याच्या बिअरमध्ये थोडा रस घालता येईल. टॅनिनने घसा खवखवतो, म्हणून साबुदाण्याची खळ घालून रस आधी निवळून घ्यावा लागतो. झाडाखाली पडलेला बोंडू त्याच दिवशी वापरला पाहिजे. ‘आठवड्याचा साठवून एकदम’ असं तुम्ही लिहिलंय, ते विसरा. तुमच्या गावातच प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आहे. तिथे न जाता मला पत्र का पाठवलंत?

प्रश्न (गुहागर) : नॉर्वेचं एक यीस्ट गरमीतही चालतं म्हणे. खरं की थाप?

खरं. क्वेइक म्हणतात त्याला. पश्चिम नॉर्वेतल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाळवून जपलेलं हे यीस्ट ३० ते ४० अंशांत सुरेख काम करतं. एरवी एल जातीच्या बिअरला विशीच्या आसपासचं तापमान लागतं, लागर या दुसऱ्या जातीला त्याहून बरंच थंड. आपल्याकडच्या वीजबिलाकडे पाहता या यीस्टला भविष्य आहे असं मला वाटतं. पण बचत फक्त आंबवतानाची. तयार बिअर थंडच ठेवावी लागते, आणि पावसात वीज गेली की जनरेटरही लागतोच. ‘फ्रिजची गरजच नाही’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला हे विचारा.

प्रश्न (कुडाळ) : नाचणीची बिअर लोकांना आवडेल?

आवडेल की नाही ते चाखल्यावर कळेल. बनते मात्र नक्की. बाळासाठी नाचणीचं सत्त्व करताना आपण मोड आणतो, तेच माल्टिंग. आफ्रिकेत नाचणीची बिअर जुनीच आहे. अडचण गाळण्यात येते. बार्लीच्या सालीची आपोआप चाळणी तयार होते, नाचणीचा मात्र चिखल होऊन बसतो. भाताचं स्वच्छ तूस मिसळा. सुरुवातीला एकूण धान्याच्या पंचमांशापलीकडे जाऊ नका आणि पहिली खेप एखाद्या अनुभवी ब्रुअरच्या देखरेखीखाली काढा.

प्रश्न (अलिबाग) : वडिलांना मधुमेह आहे. हल्ली नॉन-अल्कोहोलिक बिअरचा जोर आहे, ती त्यांना चालेल?

अल्कोहोल नाही म्हणजे साखर नाही, असं नव्हे. डब्यावरचा कर्बोदकांचा आकडा त्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न (सावंतवाडी) : घरी बिअर केली तर मिथेनॉल होऊन माणूस आंधळा होतो, असा मेसेज फिरतोय.

धान्याच्या बिअरमध्ये मिथेनॉल नगण्य असतं. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणी वस्तीत शंभराहून अधिक माणसं दगावली, ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. मेसेज चुकीचा आहे म्हणून घरी करायला मोकळीक मिळाली असं समजू नका. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याविना बिअर बनवणं हा गुन्हाच आहे.

प्रश्न (खेड) : आगोटीच्या खरेदीबरोबर चार महिन्यांचं माल्ट एकदम भरून ठेवलं तर स्वस्त पडेल ना?

पडेल, आणि ऑगस्टमध्ये फेकून द्याल. चांगल्या माल्टमध्ये चार-पाच टक्के ओलावा असतो. दाणा दाताखाली पापडासारखा कुडुम वाजला पाहिजे. आपल्या पावसात उघडं पोतं थोड्याच दिवसांत मऊ पडतं, मग पोरकिडे, मग बुरशी. महिन्यापुरतंच आणा, हवाबंद पिंपात ठेवा. कुबट वास आला तर ‘उकळल्यावर जाईल’ म्हणू नका, पुरवठादाराला त्याच दिवशी फोन करा.