तिसऱ्यांची बिलं आणि चौदा दिवसांची नोटीस

प्रश्न : सोलापुरात विजापूर रोडला माझं छोटं मालवणी हॉटेल आहे. तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, रत्नागिरीहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने बर्फाच्या पेटीत येतात. एका कुटुंबाला जेवल्यावर उलट्या झाल्या, त्यांनी तक्रार केली. अन्नसुरक्षा अधिकारी आले तेव्हा तिसऱ्या संपल्या होत्या, त्यामुळे नमुना घेतलाच नाही. पण फ्रिजला थर्मामीटर नाही, पेटीत बर्फाचं पाणी साचलंय, खरेदीची बिलं नाहीत, असं त्यांनी लिहून नेलं आणि १४ दिवसांची सुधारणा नोटीस आली. आज नववा दिवस. कुटुंबाच्या वकिलाने ५० हजारांची भरपाई मागितली आहे. व्यापारी म्हणतो, मागच्या तारखेची बिलं करून देतो. घेऊ का?

उत्तर : अजिबात नको. आज तुमच्यावर आहे ते दंडाचं प्रकरण. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ५६ खाली अस्वच्छतेसाठी जास्तीत जास्त १ लाख रुपये. बनावट बिल खरं म्हणून पुढे केलंत की तो फौजदारी गुन्हा होतो, आणि अडचणीत आल्यावर व्यापारी तुमचंच नाव घेईल. त्याऐवजी त्याच्याकडून आजच्या तारखेचं पत्र घ्या : कोणत्या दिवशी किती माल पाठवला. सोबत यूपीआयच्या नोंदी आणि ट्रॅव्हल्सच्या पावत्या जोडा. कच्चा असला तरी हा खरा पुरावा आहे.

हॉटेल बंद होईल का? कलम ३२ प्रमाणे मुदतीत सुधारणा केली नाही तर परवाना निलंबित होऊ शकतो, पुढे म्हणणं ऐकून रद्दही. सार्वजनिक आरोग्यासाठी लेखी कारणं देऊन तो ताबडतोबही निलंबित करता येतो. अन्नसुरक्षा आयुक्तांकडे अपील आहे, पण इथे बरेच जण फसतात. एरवी मुदत १५ दिवसांची; सुधारणा नोटिशीत मात्र ते १५ दिवस किंवा नोटिशीतली मुदत, जे आधी संपेल ते. म्हणजे तुमच्या हातात पाचच दिवस.

माझं मत विचाराल तर अपील करू नका. लिहिलेलं खरंच आहे ना? थर्मामीटर अपिलापेक्षा स्वस्त पडतो. फ्रिज ५ अंशांखाली ठेवा, दिवसातून दोनदा आकडा वहीत लिहा. पेटीला खालून भोक पाडून पाणी वाहून जाऊ द्या. तिसऱ्या खाऱ्या पाण्यातला जीव, वितळलेल्या गोड पाण्यात बुडून मरतात. उघडी शिंपली टिचकी मारूनही मिटत नसेल तर टाकून द्या, शिजवूनही न उघडलेलीही. हे सगळं करून फोटोंसह पत्र अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्याच. पोच नसलेलं पत्र दिलं नाही असंच धरलं जातं.

भरपाईचं वेगळं आहे. उलट्या तुमच्याच तिसऱ्यांनी झाल्या हे त्या कुटुंबाने सिद्ध करायला हवं, तेही नमुन्याशिवाय. त्यांच्याकडून दवाखान्याचे कागद आणि तुमच्या हॉटेलचं बिल मागवा. पण ‘योग्य काळजी घेतली होती’ हा बचाव नोंदींवर उभा राहतो, आणि त्या तुमच्याकडे नाहीत. म्हणून त्यांना फोन करून गयावया करू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर ‘चूक झाली’ तर लिहूच नका. तोच मजकूर उद्या ग्राहक आयोगापुढे येईल. त्यांच्या नोटिशीला वकिलामार्फतच उत्तर द्या. त्याआधी पाच दिवसांतलं काम उरका.