दरवर्षी हप्ता मागते ती एफडी नव्हे

नागपूरच्या मानेवाड्याहून एका २७ वर्षांच्या वाचकाचं पत्र आहे. मिहानमधल्या कंपनीत नोकरी, हातात ३८ हजार. 'काउंटर-स्ट्राइक २' या गेममधल्या स्किन्स, म्हणजे बंदुका आणि चाकूंवरची नक्षी, ते गेले १४ महिने विकत घेतात आणि विकतात. आतापर्यंत घातले १ लाख ४० हजार. हा गेम ज्यावर चालतो त्या स्टीम या ऑनलाइन दुकानात त्यांच्या इन्व्हेंटरीची, म्हणजे साठ्याची, किंमत दिसते २ लाख ५ हजार. 'सेहेचाळीस टक्के परतावा कोणता म्युच्युअल फंड देतो?' असं ते मलाच विचारतात. प्रश्न हा की बाबांकडून ४ लाख घ्यावेत, नोकरी सोडावी आणि पूर्णवेळ हेच करावं का. महिन्याला ४० हजार सुटतील, असा त्यांचा हिशेब आहे.

प्रश्न इथे संपतो. त्यानंतर मला धीर द्यावा म्हणून त्यांनी चार ओळी लिहिल्या आहेत: 'घरची काळजी नाही सर. बाबा ६१ वर्षांचे आहेत, बुटीबोरीच्या कारखान्यातून रिटायर झाले, २२ लाख मिळाले. बँकेतल्या मॅडमने त्यांना दरवर्षी २ लाखांची, १० वर्षांची गॅरंटीड एफडी लावून दिली. पहिले २ लाख गेले, बाकीचे २० आमच्या जॉइंट खात्यात आहेत. स्किन्सचे पैसेही तिथेच येतात. आणि आई-बाबांचा मेडिक्लेम माझ्या कंपनीचा आहे.'

स्किन्सचं नंतर बघू. एफडीत पैसे एकदा ठेवतात. ती पुढच्या वर्षी हप्ता मागायला येत नाही. तुम्ही जोडलेली पीडीएफ उघडली तर पहिल्याच पानावर 'लाइफ इन्शुरन्स' छापलंय. ही आयुर्विमा पॉलिसी आहे आणि ती तुमच्या घरात कोणीही वाचलेली नाही.

वाचा. वर्षाला २ लाख, १० वर्षं, एकूण २० लाख. मग दोन वर्षं काहीच नाही. पहिला हप्ता भरल्यापासून १२ वर्षांनी वर्षाला ३ लाख ३० हजार यायला लागतील, ते १० वर्षं, म्हणजे ३३ लाख. बँकेत बहुतेक '२० चे ३३' एवढंच सांगितलं असेल. कोणते पैसे कधी गेले आणि कधी आले हे धरून हिशेब केला तर परतावा पडतो वर्षाला सव्वाचार टक्क्यांच्या आसपास. पहिली रक्कम हातात येईल तेव्हा बाबा ७३ वर्षांचे असतील, शेवटची येईल तेव्हा ८२. निवृत्त माणसाला उत्पन्न आज लागतं, आणि त्याच्याकडून आणखी नऊ वर्षं हप्ते घेणारी योजना त्याच्या गळ्यात मारली गेली आहे. विकणाऱ्याचं कमिशन मात्र पहिल्या हप्त्यातूनच वसूल होतं.

आता साधी वजाबाकी. उरलेले नऊ हप्ते म्हणजे १८ लाख. खात्यात आहेत २०. राहिले २. तुम्ही मागताय ४.

सुदैवाने अजून वेळ गेलेली नाही. पॉलिसीचा दस्तऐवज मिळाल्यापासून ३० दिवसांत ती कारण सांगून परत करता येते, याला फ्री-लूक म्हणतात. तुमचा समज आहे की बाँड, म्हणजे छापील पॉलिसी, नऊ दिवसांपूर्वी टपालाने आला, म्हणजे भरपूर वेळ आहे. पण त्याची ई-प्रत बाबांच्या ईमेलवर आली त्याला २१ दिवस झाले, आणि कंपनी मोजायला बसली तर तीच तारीख धरेल. म्हणून ९ दिवस उरले असं समजा. (एवढं उत्तर त्यांना पत्र आलं त्याच दिवशी कळवलं आहे. बाकीच्यांनी आपापल्या घरच्या 'एफडी'ची कागदपत्रं काढून बघावीत.)

अर्ज बँकेला करायचा नाही, विमा कंपनीला करायचा. पॉलिसी क्रमांक, दस्तऐवज मिळाल्याची तारीख, 'अटी मान्य नाहीत, एफडी सांगून विकली, फ्री-लूकमध्ये रद्द करावी' एवढं पुरे. पॉलिसी बाबांच्या नावावर आहे, तर सही त्यांचीच. सोबत मूळ बाँड, रद्द केलेला चेक, पॅनची प्रत. कंपनीच्या नागपूर शाखेत जाऊन द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या, आणि तोच अर्ज बाबांच्या नोंदलेल्या ईमेलवरून कंपनीच्या ग्राहकसेवेला आणि तक्रार अधिकाऱ्याला त्याच दिवशी पाठवा. काढून घेतील ते स्टॅम्प ड्युटी, झाली असेल तर वैद्यकीय तपासणीचा खर्च, आणि मधल्या दिवसांची विम्याची जोखीम. हे सगळं मिळून तुमच्या २ लाखांतला छोटा तुकडा असतो.

बँकेत गेलात तर काय ऐकायला मिळेल तेही सांगतो. 'काका, साहेब सुट्टीवर आहेत, सोमवारी या.' 'एक वर्ष तरी चालवा, नाहीतर नुकसान.' 'दुसऱ्या प्लॅनमध्ये बदलून देते.' या तिन्हींचा उपयोग एकच, तीस दिवस उलटवणं. पॉलिसी देण्याआधी कंपनीचा पडताळणीचा फोन आला असेल आणि 'सगळ्याला हो म्हणा' असं बाबांना आधीच पढवलं असेल. ते रेकॉर्डिंग तुमच्यावर रोखलं जाईल. घाबरू नका, फ्री-लूकला फसवणूक सिद्ध करावी लागत नाही. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या १५५२५५ या क्रमांकावर किंवा बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार, आणि तरीही ३० दिवसांत निकाल नाही लागला तर विमा लोकपाल. शिवाय पुढच्या हप्त्यासाठी खात्यावर ऑटो-डेबिटची परवानगी घेतलेली असणार. ती स्वतंत्रपणे रद्द करा, पॉलिसीबरोबर ती आपोआप जाईल असं धरून बसू नका.

दुसरी चूक त्या जॉइंट खात्यातच आहे. डिस्कॉर्ड-टेलिग्रामवरची अनोळखी माणसं स्किनचे पैसे यूपीआयने ज्या खात्यात टाकतात, त्याच खात्यात बाबांची आयुष्याची कमाई आहे. समोरच्याने पाठवलेले ६ हजार दुसऱ्या कोणाला गंडवून आणलेले असतील, आणि त्या गंडलेल्या माणसाने १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, तर पैशांचा माग काढत सायबर पोलीस तुमच्यापर्यंत येतात. मग बँक कधी तेवढी रक्कम अडकवते, कधी अख्खं खातं गोठवते. तक्रार परराज्यातली असली तर ते सोडवायला महिने जातात. तुमचा काही गुन्हा नसला तरी जातात. ६ हजारांच्या स्किनपायी २० लाख.

बाबांचे पैसे तिथून याच आठवड्यात हलवा. त्यांनी फक्त त्यांच्या नावाचं, किंवा आईबरोबरचं, वेगळं खातं उघडावं. पॉलिसीचे परत आलेले धरून २२ लाख होतात. त्यातले १७ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत किंवा घराजवळच्या बँकेत आधार, पॅन, फोटो आणि चेक घेऊन गेलं की काम होतं. सध्याचा दर ८.२ टक्के, म्हणजे तिमाहीला ३४,८५० रुपये, महिन्याचे साडेअकरा हजारांवर. मुदत पाच वर्षं. मधे मोडली तर पहिल्या वर्षात व्याज मिळत नाही आणि पुढेही एक ते दीड टक्का कापतात, म्हणून उरलेले ५ लाख दोन-तीन एफडींत मोकळे ठेवा. खऱ्या एफडींत.

आता तुमचा ४६ टक्क्यांचा नफा.

स्टीम दाखवतं ती किंमत त्या प्रकारच्या स्किनला विकणाऱ्यांनी लावलेल्या सर्वांत स्वस्त भावावरून काढलेली असते. तेवढ्याला घेणारा उभा आहे असा तिचा अर्थ होत नाही. स्टीमवर विकलं तर खरेदीदार ११५ देतो तेव्हा विकणाऱ्याला १०० मिळतात, १० गेमचे, ५ स्टीमचे. तेही स्टीम वॉलेटमध्ये, आणि वॉलेटमधून बँकेत पैसे येण्याची सोयच नाही. त्याने गेम विकत घेता येतात, किराणा येत नाही. रोख हवी तर बाहेरच्या बाजारात विकावं लागतं, आणि तिथला भाव स्टीमपेक्षा साधारण २५ ते ३० टक्के खाली असतो. तुमचे २ लाख ५ हजार तिथे झाले १ लाख ४८ हजार. त्या साइटचं कमिशन ५ टक्के धरू, राहिले १ लाख ४० हजार. पैसे काढण्याचा आणि डॉलर-रुपयाचा खर्च दोन-अडीच टक्के, आले १ लाख ३७ हजार. घातले होते १ लाख ४०. चौदा महिन्यांचा नफा, उणे ३ हजार.

महिना ४० हजारांचं गणित याहून वाईट आहे. भांडवल सगळं मिळून साडेपाच लाख धरलं तर महिन्याला सात टक्क्यांहून जास्त सुटले पाहिजेत. पण ट्रेडमध्ये, म्हणजे खेळाडूंमधल्या देवाणघेवाणीत, आलेली वस्तू सात दिवस पुढे देता येत नाही, म्हणजे महिन्यात पैसा फार तर तीनदा फिरतो. कळमन्यात संत्री घेणाऱ्याला 'आठवडाभर विकायची नाहीत' अशी अट घातली तर तो भाव किती पाडून मागेल, याचा विचार करा. दर फेरीला खर्च जाऊन अडीच टक्के सुटायला माल रोख विक्रीच्या भावापेक्षा दहा टक्के खाली मिळायला हवा, तोही प्रत्येक वेळी. असा माल निघतो, पण बॉट, म्हणजे आपोआप खरेदी करणारे प्रोग्रॅम, तो काही सेकंदांत उचलतात. तुम्ही मिहानच्या बसमध्ये असता तेव्हा.

त्या सात दिवसांत आणखी एक खोच आहे. जुलै २०२५ पासून ट्रेड उलटवण्याचा हक्कही त्या काळात असतो. तुम्ही यूपीआयने पैसे दिले, स्किन आली, आणि सहाव्या दिवशी समोरच्याने 'माझं खातं हॅक झालं होतं' म्हणून ट्रेड मागे घेतला, तर स्किन परत जाते आणि पैसे गेलेलेच राहतात. त्याच्या खात्यावर महिनाभर बंधनं येतात, पण तुम्हाला त्याचा काय उपयोग? म्हणून बाजाराबाहेरचे थेट सौदे आजच बंद. जोडीला स्टीमच्या एपीआय-की पानावर जाऊन बघा. ही की म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला तुमच्या खात्यात हात घालू देणारी किल्ली. तिथे तुम्ही न बनवलेली की दिसली तर ती काढून टाका आणि पासवर्ड बदला. खोट्या लॉगिन पानावरून हीच की घेऊन ठग तुमची ट्रेड ऑफर रद्द करतात आणि हुबेहूब नाव-फोटोच्या खात्यावरून दुसरी पाठवतात.

तुमच्या इन्व्हेंटरीत निम्मी किंमत दोन चाकूंची आहे. २२ ऑक्टोबर २०२५ ला गेमच्या मालक कंपनीने, व्हॉल्वने, एक बदल केला: पाच लाल, म्हणजे कोव्हर्ट दर्जाच्या, स्किन्स देऊन चाकू किंवा हातमोजे बनवता येऊ लागले. चाकूंची दुर्मिळता गेली आणि एक-दोन दिवसांत भाव कोसळले, लाल स्किन्सचे चढले. कोणाची परवानगी लागली नाही, भरपाईचा प्रश्न नव्हता, कारण करारानुसार ही तुमची मालमत्ता नाहीच, वापराचा परवाना आहे. ज्या बाजाराचा नियामक, टांकसाळ आणि दुकानदार एकच आहे, तिथे बाबांचे ४ लाख नेऊ नका.

नोकरी सोडली तर पगाराबरोबर आई-बाबांचं विमा कवचही जातं. बाबांना शुगर आहे असं तुम्हीच लिहिलंय. नव्या पॉलिसीत आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, तेही पॉलिसी मिळाली तर. नोकरी सोडा न सोडा, दोघांसाठी ५ लाखांची स्वतंत्र पॉलिसी आत्ताच घ्यायला लागा. वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास तयारी ठेवा. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. अर्जात शुगर लिहायची, एजंट 'नका लिहू' म्हणाला तरी लिहायची. कंपनीच्या गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे एचआरला विचारा, राजीनाम्याचा विचार मनात येण्याआधी.

या आरोग्य विम्याचे पैसे कुठून आणायचे? इन्व्हेंटरीतून. चाकू आधी विका, त्यांना गिऱ्हाईक मिळायला वेळ लागतो. केसेस, म्हणजे स्किन्सच्या बंद पेट्या, आणि स्वस्त स्किन्स कधीही जातात. वीसेक हजारांचा माल खेळायला ठेवा, त्यावर माझी हरकत नाही. पैसे काढताना क्रिप्टोचा पर्याय घेऊ नका: त्यावरच्या नफ्याला सरळ ३० टक्के कर, तोटा वजा होत नाही, आणि यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो, अनोळखी माणसाला विकून रुपये घेतले की पुन्हा तोच गोठलेल्या खात्याचा धोका. बँकेत थेट पैसे पाठवणारी साइट निवडा, ते नव्या, रिकाम्या खात्यात घ्या, आणि प्रत्येक खरेदी-विक्रीची तारीख व रक्कम एक्सेलमध्ये लिहून विवरणपत्र भरताना सीएला दाखवा. स्किन लावून पैज घेणाऱ्या साइट्सच्या वाटेला जाऊ नका. पैशांत बदलता येणारी वस्तू पणाला लावणं ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याच्या कचाट्यात येतं.

पण हे सगळं विमा कंपनीच्या शिक्क्याची प्रत हातात पडल्यावर.