आईला अल्झायमर: घरी माणूस की संस्था?

प्रश्न: आईला अल्झायमर आहे. ती रात्री उठून दार उघडायला जाते. घरी माणूस ठेवावा की संस्थेत ठेवावं? पैशांचं गणित कसं मांडायचं?

उत्तर: आधी १४ दिवस वहीत नोंद ठेवा. आंघोळ, शौच, जेवण, औषधं यांत किती मदत लागते, रात्री ती किती वेळा उठते. खर्च ठरतो तो या वेळांवर. मदत दिवसाच लागत असेल तर घरी पगारी माणूस ठेवणं बहुधा परवडतं. रात्रभर जागं राहणारा दुसरा माणूस लागला की संस्था बहुधा स्वस्त पडते.

संस्था संध्याकाळी बघायला जा. अशा रुग्णांची अस्वस्थता बहुधा तेव्हाच वाढते, आणि नेमके त्याच वेळी अनेकदा कर्मचारी कमी असतात. रात्री किती रुग्णांमागे किती माणसं, हे विचाराच. आजार वाढल्यावर, अंथरुणाला खिळल्यावरही ठेवतील का? करारात डायपर, औषधं, रुग्णालयात असतानाच्या दिवसांचे पैसे, अनामत परत मिळण्याच्या अटी वाचा. दरमहाच्या आकड्याबाहेरच्या खर्चातच घरं बुडतात.

आरोग्य विमा बहुधा उपचारांचे पैसे देतो, रोजच्या सांभाळाचे नाही. पॉलिसी आजच तपासा.

सगळ्यांत घाईचं काम कागदपत्रांचं. आईला समजतंय तोवरच तिची सही घ्या. साधं मुखत्यारपत्र अनेक ठिकाणी तिची समज गेल्यावर निकामी होतं, म्हणून पुढेही चालेल अशी काय सोय करता येते, हे वकिलाला आत्ताच विचारा. हे राहिलं तर तिच्याच खात्यातले पैसे तिच्यासाठी काढायला न्यायालयात जावं लागू शकतं.